सहावं पान

बारा पानांचं पुस्तक. पुरात खालच्या फळीवर होतं.
गौराक्कानं गच्चीवर वाळवलं,
पानापानात खिचडीचा एकेक चमचा घालून.
तरी सहा आणि सात चिकटलेच.
पट्टीनं सोडवायला गेले
तर सहाव्यावर नळ उरला, बादली उरली,
पोरगी मात्र समोर निघून गेली,
दुधाच्या पेल्यावर पाठमोरी,
नुसता पांढरा कागद.

मार्केट यार्डाच्या मागं आमची अंगणवाडी.
पटावर सतरा, येतात कधी चौदा.
हळदीचे सौदे सुरू झाले की
हजेरी घेतानाही ठसका लागतो.

मी वाचते:
‘सूर्य आला खिडकीशी,
पांघरुणाची घडी कशी?’

‘आमची गोधडी न्हाई घडी घालायची, बाई,’
आदेश सांगतो,
‘तिच्यात बारका झोपलाय.’
बरोबर आहे. बारका उठेस्तोवर
घडीनं थांबावं.

‘दात घासू खालीवर,
फेस येऊ दे ओठावर.’

सगळ्यांची बोटं तोंडात.
मिसबाहच्या ब्रशवर ससा आहे.
सशाला एकच कान आहे.
दुसरा तिनंच खाल्ला.

इथून मी नेहमी सरळ आठव्यावर जाते,
वेणीफणीवर.
अंगठ्याला सवयच झालीय.

‘थांबा की,’ शिवलीला म्हणते, ‘अंघोळ राहिली.’

मागं येते. नळ. बादली.
‘पोरगी कुठाय?’
‘पाणी आलं नसंल.’
‘चालू हाय की नळ, बघ.’
‘मग लाजली. दाराआड गेली.’

शिवलीला उठून उभी राहते.
ती उभी राहिली की गौराक्का
गॅस बारीक करते.

‘आमच्यात पप्पा पहाटं येत्यात. पोती उतरून.
मोरीत बसत्यात. मी मगानं पाणी वतते.
पयलं पाणी पिवळं.
दुसरं पाणी पिवळं.
तिसरं जरा कमी.
मग पप्पा म्हणत्यात, चला, आता तुमचा नंबर.’

मिसबाह विचार करते.
‘हळद तर लग्नात लावत्यात.
तुझ्या पप्पांचं रोज लग्न असतंय?’

‘व्हय,’ शिवलीला म्हणते. ‘रोज.’

माझ्याकडे प्रशिक्षणातलं कार्ड आहे.
डावीकडे मळका हात, त्यावर फुली.
उजवीकडे गुलाबी हात, त्यावर बरोबरची खूण.
आज ते दाखवायचं होतं.
मी ते हजेरीच्या वहीखाली सारलं
आणि विचारलं,
हात धुतले की नाही, ओळखायचं कसं?

‘वास घ्यायचा,’ शिवलीला म्हणाली,
एवढंही ठाऊक नाही का, अशा आवाजात.

मग चौदा पोरं एकमेकांचे हात हुंगत बसली.
साबण.
भडंग.
पार्श्वच्या हाताला शाईचा,
तो कुठून आला कुणास ठाऊक.
शिवलीलाचा हात माझ्या नाकाशी आला.
साबण होता. साबणाच्या खाली
अख्खं यार्ड होतं.

दुपारी तिला ते पान दिलं.
खडूच्या डब्यात पिवळा सगळ्यात आखूड,
नखात धरूनच ओढावा लागतो.
तिनं नळाखाली माणूस बसवला,
एवढा मोठा की त्याचे गुडघे
सातव्या पानावर, दुधाच्या पेल्याला लागले.
शेजारी मग.
मगाला लटकलेली एक मुलगी.

बाकीच्या पानांवर दोन-दोन ओळी आहेत,
ह्या पानावरच्या पुरात सुटल्या.
काय होतं, मला आठवत नाही.
पहिली ओळ ‘अंग अंग’ अशी काहीतरी असावी.

पोरं आता तिथं आपलंच म्हणतात.
पयलं पाणी पिवळं.
दुसरं पाणी पिवळं.
आणि तिसऱ्याला सगळी जण
मग उचलून
जरा थांबतात.